शेजाऱ्याच्या शब्दाचे मोल

परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसास घर मिळाले की सारे मिळाले असे होत नाही. दूध कोणाकडून घ्यावे, मुलांच्या शिकवणीस कोठे पाठवावे, रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांचे दार ठोठवावे, कोणता वाणी मापात सचोटीचा आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यास एकाच ठिकाणी मिळतात. ती म्हणजे शेजाऱ्याच्या ओट्यावर. मनमाड हे गाव तर अशा परगावच्या माणसांनीच वाढविले आहे. १८७८ साली धोंडहून येणारी लोहमार्गाची शाखा येथे मुख्य मार्गास मिळाली, पुढे गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारा मार्ग निघाला, आणि एका लहानशा वस्तीचे जंक्शन झाले. रेल्वेचा कारखाना, अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे, पानेवाडीचे इंधनसाठे यांमुळे येथे येणारा माणूस बहुधा बदलीवर आलेला असतो. त्यास येथे ना भाऊबंद ना सोयरे. त्याचा सारा आधार शेजाऱ्याच्या शब्दावर. या गावात शेजाऱ्याच्या शब्दास मोल होते ते एवढ्यासाठीच की तो शब्द विकत मिळत नव्हता.

तो आता विकत मिळू लागला आहे. ज्यास व्यापारी मंडळी ‘रेफरल मार्केटिंग’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या ओळखीचे दुसरे गिऱ्हाईक आणून द्यावे व त्याबद्दल बक्षीस घ्यावे, ती पद्धत आज पैसे पाठविण्याच्या अॅपपासून शिकवणीच्या वर्गापर्यंत आणि पौष्टिक चूर्णाच्या डब्यापासून प्लॉटच्या नोंदणीपर्यंत सर्वत्र पसरली आहे. शेजारच्या वहिनींचा सकाळी निरोप येतो, पण त्यात ख्यालीखुशाली नसते. एक ‘कोड’ असतो. जुना वर्गमित्र दहा वर्षांनी फोन करतो आणि दोन मिनिटांच्या आत ‘एक छोटी मीटिंग आहे, फक्त ऐकून घे’ असे म्हणतो. हळदीकुंकवास गेलेल्या बाई वाणाबरोबर एखाद्या कंपनीचे माहितीपत्रकही घेऊन परततात. याच पद्धतीचे पुरस्कर्ते, आणि त्यांत विक्रीशास्त्राचे जाणकार सल्लागारही आहेत, असे सांगतात की ही पद्धत केवळ धंदा वाढवीत नाही, तर शहरात तुटत चाललेले शेजारसंबंध पुन्हा जोडते. माणसे एकमेकांस भेटतात, एकमेकांची नावे सुचवितात, एकमेकांच्या उपयोगी पडतात. मग शेजारधर्म म्हणजे आणखी काय, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालाचा विचार थट्टेवारी नेऊन चालणार नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. नव्याने दुकान मांडणारा शिंपी, घरगुती डबे पुरविणारी विधवा, पदवी घेऊन आलेला तरुण दंतवैद्य यांच्यापाशी जाहिरातीस पैसा नसतो. मोठी कंपनी सिनेमानटास उभे करू शकते. लहान धंदेवाईकास समाधानी गिऱ्हाईक हीच जाहिरात. ‘अमक्याकडे जा, काम चोख करतो’ या चार शब्दांवर आजवर कित्येक प्रामाणिक संसार उभे राहिले आहेत, आणि उद्याही ते राहावेत असेच आम्ही म्हणू.

शिवाय ही पद्धत परिणामकारक आहे यात शंका घेण्याचे कारण नाही. इलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतील डिकेटर या मध्यम आकाराच्या गावातील स्त्रियांची पाहणी करून १९५५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घरगुती खरेदीसारख्या बाबतीत वृत्तपत्रे व रेडिओ यांच्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा प्रभाव अधिक पडतो, असे त्यांस दिसून आले. अलीकडे, २०११ साली, एका जर्मन बँकेच्या सुमारे दहा हजार खातेदारांचा हिशेब तपासून काही प्राध्यापकांनी दाखवून दिले की जुन्या खातेदाराने आणलेला नवा खातेदार बँकेस इतरांपेक्षा सुमारे १६ टक्के अधिक किफायतशीर ठरतो आणि बँक सोडूनही कमी जातो. आणणाऱ्यास बँक २५ युरो देत असे. तो खर्च वजा जाताही बँकेचा फायदाच होता. तेव्हा पद्धत चालते की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हे. मुद्दा असा की ती कशाच्या जोरावर चालते, आणि चालता चालता कशाची झीज करते.

ती चालते भिडेच्या जोरावर. दुकानदारास ‘नको’ म्हणणे सोपे असते. शेजाऱ्यास ‘नको’ म्हणणे कठीण. ज्यांनी आपल्या मुलास तापात उचलून दवाखान्यात नेले, ज्यांच्या घरून अडीअडचणीस साखरेची वाटी आली, त्या काकू जेव्हा ‘तू फक्त नाव घाल, बाकी मी बघते’ असे म्हणतात, तेव्हा आपण त्या वस्तूचा विचार करीत नाही, त्या वाटीचा करतो. आपल्या पूर्वजांनी भिडेस भिकेची बहीण म्हटले ते काही उगाच नव्हे. वर्षानुवर्षांच्या देवाणघेवाणीतून साठलेली ही भीड म्हणजे शेजाराची ठेव आहे. ती ठेव कंपनीच्या लाभासाठी मोडली जाते. मोडणाऱ्याच्या हाती शेदोनशे रुपये पडतात, आणि त्या दोन घरांमध्ये पूर्वी जे मोकळेपण होते त्याच्या जागी एक अवघडलेपण येऊन बसते. पुढच्या वेळी त्या काकूंनी बेल वाजविली की घरातील माणूस दार उघडण्यापूर्वी क्षणभर थांबतो. तो क्षण कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिला जात नाही.

या पद्धतीचे सर्वांत विकृत रूप म्हणजे साखळी योजना. तिचे गणित प्राथमिक शाळेतील मुलासही करता येईल. प्रत्येक सभासदाने सहा नवे सभासद आणावयाचे असा नियम घ्या. पहिल्या पायरीवर ६, दुसरीवर ३६, तिसरीवर २१६, चौथीवर १,२९६, पाचवीवर ७,७७६ आणि सहावीवर ४६,६५६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या सुमारे ८० हजार होती. सातव्या पायरीस २,७९,९३६ माणसे हवीत. म्हणजे तान्ह्या मुलांसह सारे मनमाड साडेतीन वेळा भरती केले तरच ती पायरी जवळपास पुरी व्हावयाची. साखळी तुटते तेव्हा ती कोठेही तुटो, एकूण सभासदांपैकी सहांत पाच जण शेवटच्या पायरीवर उभे असतात, आणि त्यांच्या खाली आणावयास कोणीच उरलेले नसते. वरच्या पायरीवरील थोड्यांस जे मिळाले ते यांच्याच खिशातून गेलेले असते. यात कोणाचे दैव खोटे नसते. योजनेची रचनाच तशी असते.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. बक्षीस चिटी व पैसा फिरविण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा केंद्र सरकारचा कायदा १९७८ सालचा आहे. आणि तो केवळ योजना चालविणाऱ्यास नव्हे, तर तीत सभासद म्हणून नाव घालणाऱ्यास व अन्य रीतीने भाग घेणाऱ्यासही लागू आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी नसते. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसंबंधी जे नियम झाले त्यांनी साखळी योजनांस मज्जाव केला, सभासद होण्यासाठी प्रवेशमूल्य घेण्यास बंदी केली, आणि विक्रेत्याने ओळखपत्र बाळगावे व आधी विचारल्यावाचून कोणाच्या दारी जाऊ नये असेही बजावले. तरीही काय घडते ते आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहे. २०१४ साली नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेड या कंपनीविरुद्ध हजारो गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तिचा परदेशी गेलेला प्रमुख २०१६ साली मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला. त्याच वर्षी मैत्रेय समूहाविरुद्ध नाशकात गुन्हा नोंदला गेला, आणि ठेवीदारांचे पैसे परत मिळावेत म्हणून न्यायालयाच्या देखरेखीखाली स्वतंत्र खाते उघडावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या ‘टोरेस’च्या दारापुढे लोकांची झुंबड उडाली, तेथेही नवा गुंतवणूकदार आणणाऱ्यास वेगळे बक्षीस ठेवलेले होते.

अशा प्रकरणांत वृत्तपत्रे बुडालेल्या रकमेचे आकडे देतात, आणि ते दिलेच पाहिजेत. परंतु आणखी एक नुकसान असते त्याचा आकडा कोणी देत नाही. कंपनीचा संचालक दूर असतो, त्यास कोणी पाहिलेले नसते. पाहिलेला असतो तो एजंट. आणि एजंट म्हणजे कोण, तर आपल्याच आळीतील निवृत्त कर्मचारी, शाळेतील सहकारी, चुलत दीर, मैत्रीण. त्यानेही बहुधा स्वतःचे पैसे घातलेले असतात. तो लबाड असतो असे नाही. पुष्कळदा तो सर्वांत आधी फसलेला असतो. तथापि लोकांचे तळतळाट त्याच्या दारी येतात. दोन घरांतील जाणे-येणे बंद होते, लग्नपत्रिका जात नाहीत, मुलांनी एकत्र खेळू नये अशी ताकीद मिळते. न्यायालय उद्या कदाचित पैसे परत मिळवून देईल. तुटलेले दार जोडून देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही.

कोणी म्हणेल की ही गुन्हेगारीची उदाहरणे झाली. कायदेशीर, सरळ व्यवहारात बक्षीस घेतले तर बिघडले कोठे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय व्यवसायाने आपणास कधीच देऊन ठेवले आहे. एका डॉक्टराने रुग्णास दुसऱ्याकडे किंवा तपासणीस पाठवावे आणि त्याबद्दल दुसऱ्याकडून पैसे घ्यावे, यास आपण सर्वजण ‘कट’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपल्या कपाळास आठी पडते. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेने अशी दलाली घेणे व देणे दोन्ही निषिद्ध ठरविले आहे. का बरे? ज्या डॉक्टराकडे पाठविले तो वाईटच असतो म्हणून नव्हे; तो उत्तमही असू शकेल. निषिद्ध एवढ्यासाठी की ती चिठ्ठी आपल्या दुखण्यासाठी लिहिली की लिहिणाऱ्याच्या खिशासाठी, हे ओळखण्याचे साधन रुग्णापाशी उरत नाही. एकदा हा संशय शिरला की खऱ्या चिठ्ठीवरचाही विश्वास उडतो. डॉक्टरांच्या बाबतीत जे आपणास चीड आणते तेच शेजाऱ्याच्या बाबतीत आपण ‘ऑफर’ म्हणून कौतुकाने कसे स्वीकारतो, याचा विचार सुशिक्षितांनी तरी करावयास हवा.

पैसा मध्ये आला की माणसामाणसांतील संबंधाची जातच पालटते याचे एक बोलके उदाहरण इस्रायलमधील हैफा शहराचे आहे. तेथील दहा पाळणाघरांत मुलांस न्यावयास पालक उशिरा येत, आणि बाईंस खोळंबून राहावे लागे. दोघा अभ्यासकांनी प्रयोग म्हणून त्यांतील सहा ठिकाणी उशिरास दंड बसविला. अपेक्षा अशी की उशीर कमी व्हावा. प्रत्यक्षात तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा खरा धडा त्याच्या शेवटी आहे. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. आधी पालकांस बाईंची भीड होती. दंडाने ती भीड म्हणजे एक वस्तू ठरली, आणि वस्तू विकत घेता येते. किंमत काढून घेतली म्हणून भीड परत आली नाही. शेजाऱ्याच्या शिफारशीवर दर लावणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. दर लावणे एका दिवसाचे काम आहे. दर काढून पूर्वीचा विश्वास आणणे हे कित्येक वर्षांचे.

याचा अर्थ मोबदला घेणे हेच पाप आहे असा मात्र आम्ही करीत नाही. डाकघराच्या आवर्ती ठेवींसाठी घरोघर फिरणाऱ्या महिला प्रतिनिधी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १९७२ पासून चालू असलेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली त्यांची नेमणूक होते आणि सरकार त्यांस ठरावीक कमिशन देते. त्या आपल्याच आळीत राहतात, महिन्याच्या महिन्यास येतात, दोन शब्द बोलून चहा घेऊन जातात, आणि त्यांच्या येण्याने कोणास अवघडल्यासारखे होत नाही. आयुर्विम्याच्या एजंटाचेही तसेच. तो एजंट आहे हे त्याच्या पाटीवरच लिहिलेले असते. येथे कमिशन आहे, पण ते झाकलेले नाही. व्यवहार आहे, पण तो मैत्रीचे सोंग घेऊन येत नाही. आणि चूक झाली तर कोणास जाब विचारावयाचा हे ठाऊक आहे. उघड कमिशनास आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती मायेच्या पांघरुणाखाली आलेल्या कमिशनास.

पूर्वीच्या शिफारशीचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट होते. एखाद्यासाठी शब्द टाकणारा माणूस त्या शब्दास जामीन राहत असे. नोकर कामचुकार निघाला तर शिफारस करणाऱ्याची मान खाली जाई. स्थळ सुचविले आणि ते वाईट निघाले तर सुचविणारा जन्मभर त्या घरी जाण्यास संकोचत असे. त्यात लाभ नव्हता आणि जोखीम मात्र होती. म्हणूनच माणसे शब्द जपून टाकीत. आजच्या बक्षिसी शिफारशीत लाभ आहे आणि जोखीम नाही. म्हणून शब्द उधळले जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जेथे जोखीम व लाभ एकमेकांपासून तोडले जातात तेथे माल बिघडतो. शिफारस हा माल त्यास अपवाद नाही.

परंतु जुन्याचे गोडवे गातानाही भान सुटता कामा नये. ओळखीवर चालणारा समाज हा ज्याच्यापाशी ओळख नाही त्यास बाहेर ठेवणारा समाज असतो, आणि ही गोष्ट मनमाडच्या मातीतच एकदा ठणकावून सांगितली गेली आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच गावी जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. अस्पृश्य कामगार गँगमनच्या जागेवरच खितपत पडतो, त्यास वर चढण्यास वाव नाही, आणि स्टेशनमास्तर पोर्टराकडून घरचीही कामे करून घेतो म्हणून अस्पृश्यास ती जागासुद्धा मिळत नाही, हे बाबासाहेबांनी त्या भाषणात उघड करून दाखविले. शेजार होता, ओळखी होत्या, शिफारशीही होत्या. त्या फक्त काहींसाठी होत्या. तेव्हा शेजारसंबंध पुन्हा बांधावयाचे म्हणजे जुनी कुंपणे पुन्हा घालावयाची असे कोणी समजू नये. आज घर भाड्याने देताना आडनाव विचारणारा शेजार आम्हांस नको आहे. ज्या शेजारात नवा माणूस कोणाच्याही शिफारशीवाचून माणूस म्हणून घेतला जातो तोच खरा शेजार.

असा शेजार कशाने बांधला जातो? बाजाराने माणसे जवळ येतात हे खरे. पण ती जवळ राहतात ती बाजाराहून निराळ्या कारणाने. रोटरी क्लबचाच इतिहास पाहा. १९०५ साली शिकागोत तो निघाला तेव्हा सभासदांनी एकमेकांस धंदा मिळवून द्यावा हा त्याचा एक उघड हेतू होता. तेवढ्यावरच तो थांबला असता तर शंभर वर्षांनी त्याचे नावही कोणास आठवले नसते. पण १९०७ साली त्याच क्लबाने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे काम अंगावर घेतले, आणि पुढे परस्परांस गिऱ्हाइके पुरविण्याचा हेतू मागे पडून सेवेचा हेतू पुढे आला. संस्था टिकली ती दुसऱ्या हेतूवर. ज्यांस शेजार जोडण्यासाठी व्यापारी मंडळे काढावयाची आहेत त्यांनी हा पालट अवश्य अभ्यासावा.

आपल्या महाराष्ट्रात याहून जवळचे उदाहरण आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजार आणि खरेदी यांची सांगड निराळ्या रीतीने घातली. एका वस्तीतील काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, माल एका घरी उतरवून घ्यावयाचा, आणि सभासदांनीच तो मोजून वाटून घ्यावयाचा. यातही एक शेजारीण दुसरीस सांगते, ‘तुम्हीही या.’ पण सांगणारीस त्याचे बक्षीस नाही. लाभ आहे तो दोघींस सारखाच, रास्त भावाच्या व चांगल्या मालाच्या रूपाने. आणि महिन्यातून एकदा गोणी सोडताना, वजने करताना, हिशेब जुळविताना ज्या गप्पा होतात त्यांतून जो शेजार बांधला जातो तो कोणत्याही ‘कोड’ने बांधला जात नाही. बक्षिसाच्या पद्धतीत शेजारी हे गिऱ्हाईक असते. या पद्धतीत शेजारी हा भागीदार असतो. सारा भेद या दोन शब्दांत आला.

मनमाडकरांस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. वागदर्डीचे पाणी आटल्यावर पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळाची वाट पाहणे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. ज्याच्या घरी हौद होता त्याने शेजाऱ्यास हंडाभर पाणी दिले. पाणी सुटल्याची वर्दी एका दाराने दुसऱ्या दारास दिली. घरी कोणी नसेल तर शेजारणीने त्यांची पिंपे भरून ठेवली. १९७५ पासून पहाटे मुंबईस जाणारी आणि रात्री परतणारी पंचवटी एक्स्प्रेस ज्यांची रोजची सोबती आहे, त्या प्रवाशांनी एकमेकांच्या आजारपणात आणि कार्यात घरच्यासारखी धाव घेतल्याचे आपण पाहतो. या कशावरही कोणी दर लावलेला नाही. म्हणूनच ते अद्याप टिकून आहे.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी प्रत्येक घरास आजच करता येतील. पहिली, ज्या शिफारशीबद्दल आपणास काही मिळणार आहे ते पहिल्याच वाक्यात सांगावे. जून २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी जाहिरात करणाऱ्या नटांवर व समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध मंडळींवर हीच सक्ती केली आहे. नटाने जे सांगावयाचे ते शेजाऱ्याने का लपवावे? दुसरी, जी वस्तू आपण स्वतः वापरली नाही, किंवा जीत समोरच्याचे पैसे बुडाले तर त्याच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य आपणास होणार नाही, तिची शिफारस करू नये. तिसरी, हळदीकुंकू, बारसे, आजाऱ्याची विचारपूस, सोसायटीची सभा हे प्रसंग विक्रीस वर्ज्य मानावेत. घरी आलेल्या पाहुण्यास गिऱ्हाईक समजणे हे आपल्या संस्कृतीत कधीच बसलेले नाही. चौथी, आणि ही ऐकणाऱ्याने करावयाची आहे: ‘नको’ म्हणावयास शिकावे, आणि दुसऱ्याने म्हटलेले ‘नको’ मनास लावून घेऊ नये. ‘काकू, तुमच्याकडे चहास येईन, पण यात नाव घालणार नाही’ असे हसून सांगता आले तर व्यवहार मोडेल आणि शेजार वाचेल.

व्यापाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे पंतप्रधानांनी भीम अॅपसाठी एक योजना जाहीर केली, तीत नवा माणूस जोडून देणाऱ्यास दहा रुपये मिळावयाचे होते. म्हणजे ही पद्धत आता सरकारमान्यही झाली आहे. ती एका फटक्यास बंद होईल असे आम्ही समजत नाही. पण बक्षीस द्यावयाचेच तर ते आणणाऱ्याच्या खिशात गुपचूप टाकण्याऐवजी नव्या गिऱ्हाइकास सवलत म्हणून उघडपणे द्यावे, अथवा ज्या आळीतून गिऱ्हाइके आली त्या आळीच्या वाचनालयास, अभ्यासिकेस वा पाण्याच्या टाकीस द्यावे. जो दुकानदार असे करील त्याचे नाव लोक पदरचे पैसे घालूनही दुसऱ्यास सांगतील. आणि ज्याचे काम चोख आहे त्यास बक्षीस ठेवण्याची फारशी गरज पडत नाही, हे प्रत्येक जुन्या पेढीस ठाऊक आहे.

शेजार ही सरकारने बांधून देण्याची इमारत नव्हे आणि कंपनीने राबविण्याची योजनाही नव्हे. ती रोजच्या लहानसहान, बिनहिशेबी कृत्यांनी उभी राहते: किल्ली ठेवून जाणे, डबा पोहोचविणे, रात्री रुग्णालयात सोबतीस बसणे, नव्याने आलेल्या बिऱ्हाडाच्या दारी जाऊन ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणे. या कृत्यांतूनच शब्दास वजन येते, आणि तेच वजन पुढे प्रामाणिक धंद्याच्याही उपयोगी पडते. पायाचे दगड काढून वरचा मजला चढविण्याचा उद्योग कोणी शहाणा मनुष्य करीत नाही. मनमाडच्या सुबुद्ध नागरिकांनी आपल्या शब्दाची ही ठेव अल्प लाभासाठी मोडू नये, आणि आज संध्याकाळी काहीही विकण्याचा हेतू मनात न धरता एकदा शेजारच्या दारी जाऊन यावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.